उंचावरचें ताट

हॉटेलांत जाऊन जेवणें ही आतां शहरांतील कुटुंबांना नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. वाढदिवस, परीक्षेचा निकाल, दूरच्या पाहुण्यांचें आगमन किंवा नुसता रविवार. एवढें निमित्त त्याला पुरतें. परंतु समुद्रसपाटीपासून ३,००० मीटर उंचीवर, चहूंकडे बर्फ पसरला असतां, पायांत स्कीचे जड बूट घातलेल्या मंडळींच्या शेजारीं बसून जेवण्याचा योग थोड्यांच्याच वांट्यास येतो. तो योग गेल्या हिवाळ्यांत मला आला. माझा सारा जन्म मास्तरकींत गेला. स्वतःचें शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेलें नाहीं, आणि हिमालयाशीं माझा संबंध फळ्यावर त्याचा नकाशा काढण्यापुरताच होता. अशा माणसाला मुलानें व सुनेनें आग्रह करून काश्मिरांत गुलमर्गला नेलें. तेथल्या एका उपाहारगृहांत माझ्या हातून एक चूक घडली. ती कोणती, हें मी सांगणार आहें. पण त्या निमित्तानें उंच पर्वतावर अन्न कसें शिजतें, तेथें काय मागवावें, आणि तेथलें बिल पाहून चटकन् कपाळाला आठ्या कां घालूं नयेत, हेंही आपणांपुढें मांडावें असा विचार आहे.

प्रथम स्थळाची ओळख करून देतों. गुलमर्ग हें श्रीनगरपासून सुमारें ५० किलोमीटरवर, सुमारें २,६५० मीटर उंचीवर आहे. नांवाचा अर्थ फुलांचें कुरण. उन्हाळ्यांत हें नांव सार्थ असतें. हिवाळ्यांत मात्र फुलें, कुरण, कुंपणें, सारें पुरुषभर बर्फाखालीं गडप होतें. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा जो स्की नांवाचा खेळ, तो येथें इंग्रज अधिकाऱ्यांनीं आणला व १९२७ सालीं त्यांनीं त्यासाठीं येथें क्लब स्थापला. पुढें हा खेळ शिकविणारी सरकारी संस्थाही येथें निघाली. १९९८ सालीं येथें गोंडोला सुरू झाला. गोंडोला म्हणजे जाड पोलादी दोरावरून सरकत जाणारी, कांचेच्या खिडक्यांची बंदिस्त खोलीच म्हणा ना. त्याचा पहिला टप्पा कोंगडूरी या ठिकाणीं, सुमारें ३,००० मीटरवर, म्हणजे जवळजवळ १०,००० फुटांवर संपतो. २००५ सालीं सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवाट पर्वताच्या खांद्यावर, जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत चढतो. आम्हीं पहिल्या टप्प्यावर थांबावयाचें ठरविलें, कारण माझ्या पत्नीचें डोकें तेथेंच दुखूं लागलें होतें, आणि सर्वांनाच कडाडून भूक लागली होती.

उपाहारगृह साधें, पत्र्याच्या छपराचें. दाराबाहेर स्कीच्या पट्ट्या बर्फांत भाल्यांप्रमाणें रोंवून ठेवलेल्या. आंत बुखारी नांवाची लोखंडी शेगडी धगधगत होती व तिच्याभोंवतीं ओले हातमोजे वाळत घातले होते. जो येई तो उंबऱ्यावर पाय आपटून बूट झाडी. लांब बांकांवर परकीं माणसें परक्या माणसांच्या शेजारीं दाटीवाटीनें बसलीं होतीं. थंडी आपपरभाव ठेवूं देत नाहीं. पदार्थांची यादी आंखूड, आणि किंमती आमच्या पेठेंतल्या खानावळीच्या तिप्पट. आम्ही शाकाहारी, तेव्हां राजमा आणि भात मागविला. बराच वेळ लोटल्यावर ताटें आलीं. राजमा उत्तम होता. पण भाताचें शीत बोटांत दाबून पाहतों, तों मधें कणी तशीच!

श्रोतेहो, यापुढचें सांगावयाचें तर थोडी लाज वाटते. वाढणारा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा, अंगांत फेरन घातलेला. शाळेंत पुष्कळ वर्षें वापरलेला माझा तो ठेवणींतला आवाज त्या वेळीं अचानक बाहेर पडला. “एवढे पैसे घेतां, आणि तुम्हांला साधा भात शिजवितां येत नाहीं?” असें मीं त्याला साऱ्यांच्या देखत सुनावलें. सारे लोक माझ्याकडे पाहूं लागले. मुलानें मुकाट्यानें ताट उचललें. माझी नात खालीं मान घालून बसली. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. मीं शितावरून माणसाची परीक्षा करून टाकली.

एवढ्यावर न थांबतां मी उठून थेट स्वयंपाकघराच्या दारांत गेलों. आंत दोन मोठे कुकर शिट्या देत होते, आणि तिसऱ्या चुलीवर भाताचें भलेंमोठें पातेलें खदखदां उकळत होतें. पाणी इतकें उसळत होतें, कीं असा भात आमच्याकडे केव्हांच मऊ होऊन गेला असता. मीं वयोवृद्ध आचाऱ्यास शहाणपण शिकविलें, “जाळ वाढवा.” तो हंसला. जाळ वाढविल्यानें पाणी लवकर आटेल, भात लवकर शिजणार नाहीं. येथें अन्न आगीनें नव्हे, झांकणानें शिजतें, असें तो म्हणाला. मग कुकरांतच भात कां लावला नाहींत, या माझ्या प्रश्नावर त्यानें जें उत्तर दिलें तें मी विसरणार नाहीं. कुकर दोनच आहेत, आज गर्दी फार आहे, म्हणून दोन्हींत राजमा घातला आहे. भाताला कणी राहिली तर गिऱ्हाईक रागावतें. राजमा कच्चा राहिला तर गिऱ्हाईक आजारी पडतें.

मी तेथेंच थबकलों. कारण हा आचारी जें बोलत होता, तें मीं सुमारें ३० वर्षें मुलांना शिकविलें होतें. प्रयोगाच्या टेबलावर कांचेच्या चंबूंत पाणी उकळावयाचें; दिवा काढून घेऊन चंबूला घट्ट बूच बसवावयाचें; मग चंबू उलटा धरून त्यावर थंड पाण्याची धार सोडावयाची. थंडाव्यानें आंतील वाफेचें पाणी होतें, चंबूंतला दाब कमी होतो, आणि विस्तवावर नसलेलें, निवत चाललेलें तें पाणी पुन्हां उकळूं लागतें! मुलें टाळ्या वाजवीत. “दाब कमी, तर उत्कलनबिंदु कमी,” हें वाक्य त्यांच्याकडून मी घोकून घेई. पण तें वाक्य ताटांत वाढून समोर आलें, तेव्हां मला स्वतःलाच तें ओळखतां आलें नाहीं.

आतां हेंच जरा फोड करून सांगतों. आपल्या डोक्यावर हवेचा एक मोठा थर आहे, आणि हवेलाही वजन असतें. त्या वजनाचा दाब पातेल्यांतील पाण्यावर पडतो. पाण्याची वाफ आंतून जोर करून हा दाब उचलूं शकली, कीं पाणी उकळलें असें आपण म्हणतों. समुद्रकांठीं यासाठीं १०० अंश उष्णता लागते. डोंगरावर चढावें, तसा डोक्यावरचा हवेचा थर कमी होतो आणि पाण्याचें काम सोपें होतें. साधारणपणें दर ३०० मीटर चढणीला उत्कलनबिंदु एक अंशानें खालीं येतो, असा ढोबळ हिशेब लक्षांत ठेवावा. आपलें महाबळेश्वर सुमारें १,३५० मीटरवर आहे. तेथें पाणी ९५-९६ अंशांवर उकळतें. कोंगडूरीच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें शेंकडा ७० च राहतो, आणि पाणी ९० अंशांच्या आसपास उकळूं लागतें. अफरवाटच्या खांद्यावर तें ८७ अंशांच्या आसपास, आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर तर ७० अंशांच्या आसपासच उकळेल.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत धरावयास हवी. पाणी एकदां उकळूं लागलें, कीं उघड्या भांड्यांत त्याची उष्णता आणखी वाढत नाहीं. जाळ दुप्पट केला तर वाफ दुप्पट निघेल. पण तांदळाला मिळणारी उष्णता ९० अंशांचीच. म्हणून खदखद पाहून फसूं नये. भात अशा पाण्यांत शिजतो, पण सावकाश. डाळी व कडधान्यें तर फारच वेळ घेतात.

याविषयीं एक सुंदर हकीकत चार्ल्स डार्विन या थोर सृष्टिशास्त्रज्ञानें आपल्या प्रवासवर्णनांत नमूद केली आहे. १८३५ च्या मार्च महिन्यांत तो दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वत ओलांडीत होता. उंचावर मुक्काम पडला असतां बटाट्यांचें पातेलें रात्रभर विस्तवावर राहिलें, सकाळीं पुन्हां उकळलें. तरी बटाटे कच्चेच! त्याच्या दोघां सोबत्यांनीं सकाळीं त्यावर बराच खल केला व शेवटीं दोष ठेवला तो पातेल्यावर. पातेलें नवें होतें, तेव्हां त्या मेल्याच्या मनांतच बटाटे शिजवावयाचें नाहीं, असा त्यांनीं निकाल दिला. त्या भोळ्या वाटाड्यांनीं पातेल्याला बोल लावला. मीं एका मुलाला लावला. त्यांना दाबाचा नियम ठाऊक नव्हता, मला होता. म्हणजे दोघांत अधिक चुकला कोण, हें सांगावयास नको.

या अडचणीवर उपाय माणसानें पूर्वींच शोधला आहे. डोक्यावरचा दाब कमी पडतो ना, मग भांड्यांतच दाब कोंडावा. १६७९ सालीं देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें लंडनमध्यें घट्ट झांकणाचें व जादा वाफ सोडून देणाऱ्या झडपेचें भांडें तयार केलें, आणि १६८२ सालीं त्यांत शिजविलेलें जेवण रॉयल सोसायटीच्या सभासदांना घातलें. आपल्या घरांतला कुकर हा त्याच भांड्याचा वंशज. समुद्रकांठीं कुकरमध्यें पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें. ३,००० मीटरवर बाहेरचा दाबच कमी असल्यामुळें तें ११५ च्या आसपास थांबतें. पण कोठें उघड्या पातेल्यांतले ९० आणि कोठें ११५! झांकणानें अन्न शिजतें असें आचारी म्हणाला, तें अक्षरशः खरें होतें.

आणि राजम्याविषयीं त्यानें जें सांगितलें, त्याला तर वैद्यकाचाच आधार आहे. कच्च्या राजम्यांत एक अपायकारक द्रव्य असतें. तें पोटांत गेल्यास कांहीं तासांतच मळमळ, ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात. रात्रभर भिजवून, तें पाणी टाकून, १०० अंशांच्या खळखळत्या पाण्यांत निदान अर्धा तास उकळल्यानें तें नाहींसें होतें. परंतु मंद आंचेवर, ८० अंशांच्या आसपास ठेवलेला राजमा कच्च्या राजम्याहूनही अधिक बाधक ठरूं शकतो. जेथें उघड्या पातेल्यांतील पाणी १०० अंशांपर्यंत पोंचतच नाहीं, तेथें राजम्याला कुकर देणें हाच खरा विवेक. तो आचारी शाळेंत किती शिकला होता, हें मला ठाऊक नाहीं. पण दोनच कुकर हातीं असतां पहिला मान कोणास द्यावा, हें त्यानें बिनचूक ओळखलें होतें.

तर मग उंच ठिकाणीं मागवावें तरी काय? उत्तर असें, कीं ज्या पदार्थांना उकळत्या पाण्याची गरज नाहीं, ते तेथें चांगले होतात. तंदूरची रोटी व तव्यावरची पोळी यांना हवेच्या दाबाशीं फारसें कर्तव्य नसतें. तेलही हवें तितकें तापतें. मात्र तळणाच्या आंतील ओलाव्याची वाफ लवकर होते, म्हणून आंच जरा बेताची ठेवावी लागते, नाहीं तर बाहेरून करपतें व आंत कच्चें राहतें. काश्मिरांत थंडीवर उतारा म्हणून काहवा पितात. वेलदोडा, दालचिनी व केशर घातलेला हा हिरवा चहा, वर बदामाचे काप. तो समोवार नांवाच्या तांब्याच्या भांड्यांत करतात. त्या भांड्याच्या पोटांतच निखाऱ्यांची नळी असते, त्यामुळें बाहेर कितीही थंडी असली तरी चहा निवत नाहीं.

पर्वतांतल्या अन्नाचें दुसरें सूत्र म्हणजे बेगमी. आपल्या कोंकणांत जशी पावसाळ्याची बेगमी असते, पापड, सांडगे, सुकविलेली मासळी, तशी काश्मिरांत हिवाळ्याची. बर्फानें वाटा बंद होत, त्या दिवसांसाठीं वांगीं, दुधी, टोमॅटो उन्हांत वाळवून ठेवण्याची तेथें जुनी चाल आहे. युरोपांतील आल्प्स पर्वतांतही हेंच सूत्र निराळ्या वेषांत दिसतें. तेथें उन्हाळ्यांतलें दूध चीजच्या रूपानें सांठवितात. फॉन्ड्यू म्हणून जो पदार्थ तेथील स्कीच्या गांवीं लोक आवडीनें खातात, तो म्हणजे पांढऱ्या द्राक्षमद्यांत वितळविलेलें चीज आणि त्यांत लांब कांट्यानें बुडवून खावयाचे पावाचे तुकडे. चीज वितळण्यास उकळत्या पाण्याइतकी उष्णता लागतच नाहीं. म्हणून हा पदार्थ उंचावर बिघडत नाहीं. मद्यांतील आंबटपणामुळें चीजच्या गुठळ्या होत नाहींत. १९३० नंतरच्या दशकांत स्वित्झर्लंडांतील चीजच्या व्यापारी संघानें जाहिराती करून हा पदार्थ साऱ्या राष्ट्राचा म्हणून गाजविला.

आतां पुण्यामुंबईचीं पुष्कळ कुटुंबें सहलीला तिकडे जातात, युंगफ्राउयोखच्या रेल्वेनें ३,४५४ मीटरवर चढतात. ती रेल्वे १९१२ सालीं पूर्ण झाली. अशा मंडळींसाठीं एक सूचना करून ठेवतों. फॉन्ड्यूंत मद्य असतेंच, आणि तेथील ग्रुयेरसारखें परंपरागत चीज वासराच्या जठरांतील विरजणानें लावलेलें असतें. ज्यांचा शाकाहार कडक आहे, त्यांनीं आधीं विचारून घ्यावें.

आतां बिलाविषयीं. माझ्या ताटाची किंमत तिप्पट होती हें खरें. पण त्या ताटाचा प्रवास पाहा. तांदूळ, भाजी, तेल, गॅसचा सिलिंडर, सारें श्रीनगरच्या बाजूनें टंगमर्गपर्यंत यावयाचें. तेथून पुढला १३ किलोमीटरांचा घाट; बर्फ पडला कीं मोटारीच्या चाकांना साखळ्या बांधूनच तो चढावा लागतो. गुलमर्गहून वर कोंगडूरीस न्यावयाचें तर गोंडोला, नाहीं तर माणसाची पाठ. नळ गोठले तर पाण्याचीही हीच कथा. शिजण्यास वेळ अधिक, म्हणून इंधन अधिक. आणि कडक थंडींत सिलिंडरांतला गॅसही नीट वर येत नाहीं. वारा सुटला कीं गोंडोला बंद. त्या दिवशीं गिऱ्हाईक नाहीं, पण नोकरांचें पोट आहेच. हा सारा हिशेब त्या एका आंकड्यांत दडलेला असतो. किंमत आधीं विचारून घ्यावी, परवडत नसेल तर मागवूं नये, हें योग्य. पण खाऊन झाल्यावर वाद घालणें योग्य नव्हे.

चार गोष्टी प्रकृतीच्याही सांगतों. २,५०० मीटरच्या वर डोकें दुखणें, मळमळणें, अन्नावरची वासना उडणें हा विरळ हवेचा परिणाम असूं शकतो. तो पित्त समजून अंगावर काढूं नये. त्रास वाढला तर खालीं उतरणें हाच खरा उपाय. तेथें तहान फारशी जाणवत नाहीं, पण कोरड्या हवेंत श्वासावाटे शरीरांतील पाणी जात असतें. म्हणून पाणी आठवणीनें प्यावें. मद्यानें ऊब येते हा भ्रम आहे. त्वचेकडे रक्त धांवतें, ऊब आल्यासारखी वाटते, आणि तितकीच शरीराची उष्णता बाहेर जाते. पोट तुडुंब भरून स्कीवर उभें राहूं नये. आणि खालीं जाणारा शेवटचा गोंडोला किती वाजतां सुटतो, हें जेवावयास बसण्यापूर्वीं विचारावें.

आतां माझ्या चुकीकडे येतों. स्वयंपाकघराच्या दारांतून मी परत आलों, तेव्हां तो मुलगा दुसऱ्या बांकाजवळ वाढीत होता. मीं त्याला हांक मारली, आणि ज्या लोकांच्या देखत बोललों होतों, त्यांच्याच देखत सांगितलें, “चूक माझी होती.” तो संकोचला, कांहीं बोलला नाहीं. राजम्याचा एक कुकर मोकळा झाल्यावर त्यांत त्यानें आमचा भात घालून आणला. तो मऊ होता. नातीनें तो दोनदां मागून घेतला.

परततांना गोंडोल्यांत ती माझ्या शेजारीं बसली होती. तिनें विचारलें, “आजोबा, आतां आपण खालीं चाललों, म्हणजे पाणी पुन्हां १०० ला उकळणार ना?” मीं बोटांवर हिशेब करून सांगितलें, गुलमर्गला ९१, श्रीनगरला ९५, आणि मुंबईस समुद्रकांठीं पोंचलों म्हणजे १००. “आणि आपल्या पुण्याला?” असें तिनें विचारलें. पुणें सुमारें ५६० मीटरवर आहे. मीं पुन्हां बोटें मोजलीं व गप्प झालों. ज्या शाळेंत ३० वर्षें मीं फळ्यावर १०० हा आंकडा लिहिला व मुलांकडून पाठ करून घेतला, त्या शाळेंतलें पाणी सारा काळ ९८ अंशांनाच उकळत होतें.